शब्द आणि कथा

इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्यासाठी ग्रीक-रोमन पुराणकथांचा आधार घेण्याची पद्धत जुनी आहे. आयझॅक आसिमॉव्ह यांचे ‘वर्ड्स फ्रॉम द मिथ्स’ (१९६१) हे या प्रकारातील परिचित पुस्तक. टँटॅलसपासून ‘टँटलाइझ’, सीरिझपासून ‘सीरिअल’. कथेमुळे शब्द स्मरणात राहतो, यात शंका नाही. प्रश्न आहे तो, या व्यवहारात कथेचे काय होते, हा.

कोळ्यांच्या प्राणिवर्गाचे ‘अ‍ॅरॅक्निड’ हे नाव पाहू. ते अ‍ॅरॅक्नी या विणकरणीवरून आले असे सांगितले जाते. वास्तविक ग्रीक भाषेत ‘अ‍ॅरॅक्नी’ म्हणजेच कोळी. येथे कथेतून शब्द निघाला नसून शब्दाभोवती कथा विणली गेली आहे. शिवाय शब्दार्थापुरती सांगितलेली कथा केवळ गर्वहरणाची बोधकथा ठरते. ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसीझ’च्या सहाव्या खंडात मात्र अ‍ॅरॅक्नी कलेत हरत नाही. तिच्या पटावर देवांनी केलेली स्त्रियांची फसवणूक चितारलेली आहे. त्या विणकामात मिनर्व्हालाही दोष सापडत नाही, आणि ती संतापून तो पट फाडते. कला आणि सत्ता यांचा हा संघर्ष व्युत्पत्तीच्या एका ओळीत उरत नाही.

मराठी मुलाने ‘कुंभकर्णी झोप’ हा शब्दप्रयोग आत्मसात करण्यापूर्वी बहुधा रामायण ऐकलेले असते. आपल्या विद्यार्थ्याला अ‍ॅरॅक्नी प्रथम भेटते ती मात्र शब्दार्थाच्या निमित्तानेच. म्हणूनच अशा पुस्तकांवरील जबाबदारी अधिक मोठी ठरते: शब्द देताना त्यांनी कथेचा अर्थ मिटवता कामा नये.