साध्या बिअरची परीक्षा

महाराष्ट्रात बिअर प्यायला वयाची 21 वर्षं पूर्ण व्हावी लागतात. त्या हिशेबानं पुण्याची क्राफ्ट बिअर कायद्याच्या भाषेत अजून ‘अज्ञान’च आहे. 2009 मध्ये सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ओलिवर शाउफ या जर्मन ब्रूमास्टरला हाताशी धरून डुलाली सुरू केली. तोवर बिअर म्हटली की परमिट रूमच्या फ्रिजमधली, दात शिवशिवतील इतकी गार, आठ टक्क्यांच्या घरातली ‘स्ट्राँग’ बाटली. पाच वर्षांत मुंढव्यात इंडिपेन्डन्स आली, कोरेगाव पार्कात एफिंगट आली. डोंबिवलीच्या एमआयडीसीत बिअर गाळून बारना पिंपं पुरवणारी गेटवे आली. पुढे ग्रेट स्टेट एलवर्क्सनं देशी धान्यं-फळं हाताळली. आज पुण्यात बिअरची वानवा नाही. वानवा आहे ती बिअरकडे नीट बघणाऱ्यांची, आणि त्यात ब्रुअर आले, पिणारे आले, आम्ही लिहिणारेही आलो.

कुठल्याही ब्रूपबचा फळा वाचा. हेफवाइझेन आणि बेल्जियन विट ठरलेल्या. उन्हाळ्यात हापूस, थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, अधूनमधून कोकम. एक काळी स्टाउट, तिच्यात कॉफी नाहीतर चॉकलेट. साधी लागर शोधावी लागते. याला लोकांची आवड जबाबदार, असं सांगितलं जातं. माझ्या मते त्याहून जास्त जबाबदार आहे जागेचं भाडं.

हेफवाइझेन मुळात दिलदार बिअर आहे. तिच्यातला केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टचा असतो, त्यात केळं पडत नाही की लवंग. गढूळ असणं हा तिचा दोष नव्हे, धर्मच. दोन-तीन आठवड्यांत ती ग्लासात येते आणि बारीकसारीक चुका पोटात घालते. लागरचं यीस्ट दहा-बारा अंशांवर सावकाश काम करतं. त्यानंतर बिअर शून्याच्या आसपास कित्येक आठवडे नुसती पडून राहायला हवी. मॉलमधल्या चढ्या भाड्याच्या जागेत टाकी इतका वेळ अडवून ठेवणं मालकाच्या जिवावर येतं. मग टाकी लवकर रिकामी होते आणि उणीव आंब्याच्या पल्पनं भरून निघते.

गेल्या पावसाळ्यात मावळातल्या टाकवे बुद्रुकला एका मित्राच्या शेतावर आम्ही काही जणांनी बिअर चाखायला घेतल्या. कान्हे फाट्यावरून आत वळलं की कारखान्यांच्या शेड आणि भाताची खाचरं एकमेकांना खेटूनच लागतात. तिथल्याच एका पडवीत बसलो. पुण्यातून ग्राउलर (नळाची बिअर घरी न्यायच्या बाटल्या) भरून आणले होते. ओतणाऱ्यानं नावं झाकली आणि आम्ही चिठ्ठ्यांवर गुण लिहिले. ग्लास घासणीच्या साबणाचा अंशही राहणार नाही असे विसळले होते, कारण साबणानं फेस बसतो आणि बिचाऱ्या ब्रुअरला शिव्या पडतात.

पहिल्या फेरीत आंब्याची बिअर सरस ठरली, तेही एकमतानं. मग आम्ही ग्लास तसेच ठेवले. गारठा जरा उतरला तेव्हा आंब्याखालून उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास वर आला, म्हणजे माल्टचा काढा पुरेसा खळखळून उकळला नव्हता. एका लागरला लोणी लावलेल्या पॉपकॉर्नचा वास सुटला. तो वास यीस्ट स्वतःच तयार करतं आणि थोडी मुदत दिली तर स्वतःच खाऊनही टाकतं. इथं ती मुदत दिली गेली नव्हती. दुसरी लागर मात्र जशी उघडत गेली तशी आवडत गेली. तव्यावरून उतरलेल्या पोळीसारखा माल्टचा वास, मागून हॉप्सचा सुका कडवटपणा, आणि प्रत्येक घोटागणिक काचेवर फेसाची एक कड. पहिल्या फेरीत तिला कोणी विचारलंही नव्हतं.

बिअर-परीक्षकांच्या बीजेसीपी या संघटनेच्या गुणपत्रिकेत पन्नासपैकी वीस गुण चवीला असतात, बारा वासाला आणि रूपाला फक्त तीन. आपल्याकडची मेनूकार्डं वाचली तर हे प्रमाण उलटं वाटावं. शिवाय बिअर इतकी गार दिली जाते की वासाचे ते बारा गुण तपासायची सोयच उरत नाही.

पण म्हणून स्थानिक माल वापरूच नये, असं नाही. मावळात बसून भाताबद्दल न बोलणं तर करंटेपणाच. इथला इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातला, आंबेमोहर आणि आयआर-8 यांच्या संकरातून आलेला, 1987 मध्ये प्रसारित झालेला. बिअरमध्ये तांदूळ म्हणजे भेसळ, हा समज मोठ्या कंपन्यांच्या पातळ बिअरमुळे रुजला. जपानी लागरनं तो केव्हाच खोटा पाडलाय. तांदळानं बिअर हलकी होते आणि शेवट कोरडा येतो. फक्त जवाच्या मॅशच्या 65 अंशांत तांदूळ फुलत नाही. त्याचा वेगळा गुरगुट्या भात शिजवून मग तो मॅशमध्ये मिसळावा लागतो. गिरणीतली कणी त्याला उत्तम चालते. आंबेमोहराचं नाव लावून बिअर विकणाऱ्यांना मात्र एक प्रश्न विचारावा. त्या तांदळाचा सुवास उडून जाणारा असतो, आणि तासाभराच्या उकळीत त्याचा बहुतेक भाग वाफेबरोबर जातो. मग ग्लासात तो कुठून आला?

टाकव्यासारख्या ठिकाणी भाडं कमी आणि टाक्यांना निवांतपणा मिळू शकतो, त्यामुळे चांगली लागर अशाच पट्ट्यातून यावी, असं मला वाटतं. पण सह्याद्रीच्या पाण्याची जाहिरात करताना जपून. एक लिटर बिअरला काटकसरीच्या कारखान्यातही तीन-चार लिटर पाणी जातं. छोट्या ब्रुअरीत त्याहून जास्त. 2016 च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला सांगावं लागलं होतं. आणि मावळात तर 2011 च्या ऑगस्टमध्ये पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात बऊरजवळ गोळीबार होऊन तिघांचे जीव गेले. इथं पाणी हा लेबलावरच्या सुंदर चित्राचा विषय नाही.

ब्रुअरींकडून मोठ्या सुधारणा मागत नाही. बिअर जरा कमी गार द्यावी. बारा नळ असतील तर एक लागरला राखून ठेवावा, महिनाभर खपली नाही तरी. आणि फळ्यावर बिअरचं नाव, टक्केवारी, गमतीदार वर्णन हे सगळं लिहिता, तर खडूनं एक ओळ आणखी लिहावी: टाकीत कधी भरली आणि नळाला कधी जोडली. दुधाच्या पिशवीवर तारीख छापलेली असते. सातशे रुपये देऊन ग्राउलर घरी नेणाऱ्याला ती तोंडी विचारावी लागते, आणि काउंटरवरच्या पोराला बहुधा माहीत नसते.