नोंदीतला रस आणि पंचनाम्यातला मोह : मद्यास्वादाच्या लेखनाची समीक्षा

प्रस्तावना

मराठीत मद्याविषयीचे लेखन प्रामुख्याने नीतीच्या व समाजसुधारणेच्या अंगाने झाले. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' (१९१९) हे त्याचे ठळक उदाहरण होय. आस्वादाच्या अंगाने होणारे लेखन रुजले ते नाशिक परिसरात वाइन-उद्योग स्थिरावल्यानंतर. २००० मध्ये सुलाची पहिली वाइन बाजारात आली, २००१ मध्ये राज्याचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर झाले. वाइनचा आधुनिक रसिक आपली आवडती बाटली कशी शोधतो, कशी नोंदवतो व इतरांना कशी सांगतो, आणि नोंदीची हीच रीत गोंदिया जिल्ह्यातील बोदलकसा परिसराच्या मोहापाशी येताच का थांबते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नोंदीचे तीन घटक

वाइन-रसिकाच्या नोंदीत लेबल, वर्णन व गुण असे तीन घटक असतात. लेबलावरून द्राक्षाचा वाण, हंगामाचे वर्ष व प्रदेश कळतो. उगमस्थानावरून मद्य ओळखण्याची ही रीत नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षमद्याला कापिशायन व हारहूरक ही प्रदेशवाचक नावे दिलेली आहेत. 'नाशिक व्हॅली वाइन'ला मिळालेले भौगोलिक मानांकन याच दृष्टीचे आधुनिक रूप म्हणता येईल. वर्णनाला शिस्त लावली ती कॅलिफोर्निया विद्यापीठातील अ‍ॅन नोबल यांच्या १९८० च्या दशकातील गंधचक्राने. गुणांची पद्धत रूढ झाली ती रॉबर्ट पार्कर यांच्या १९७८ पासूनच्या नियतकालिकामुळे. त्यांची श्रेणी ५० ते १०० गुणांची होती. पुढे 'सेलरट्रॅकर' (२००४) व 'व्हिव्हिनो' (२०१०) यांनी हे तिन्ही घटक एकत्र आणले. आता लेबलाचे छायाचित्र घेताच हजारोंचे मत हाती येते.

तज्ज्ञाच्या मताशेजारी सामान्य रसिकाचे मत उभे राहिले, हा या बदलाचा मोठाच लाभ होय. तथापि त्यात एक उणीव राहते. घोट घेण्यापूर्वीच सरासरी गुण दिसतात आणि आस्वाद हा त्या गुणांचा पडताळा होऊन बसतो. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाचे स्वरूप सांगताना नाना व्यंजनांनी संस्कारित अन्नाचा आस्वाद घेणाऱ्या सुमनस पुरुषाचा दृष्टान्त दिला आहे. तेथे महत्त्व आस्वादकाच्या मनाला आहे. त्या मनाची सरासरी काढता येत नाही. शिवाय मराठी रसिक कधी न चाखलेल्या ब्लॅककरंटचा गंध नोंदवतो, पण जांभूळ, करवंद, पेरू हे ओळखीचे गंध मात्र नोंदीबाहेर ठेवतो.

मोहाची नोंद

तिरोडा तालुक्यातील बोदलकसा जलाशयाभोवतीच्या जंगलपट्ट्यात मोह हा जीवनाचा आधारवृक्ष आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळलेली फुले वेचायची, वाळवायची आणि वर्षभर अन्न, औषध व मद्य यांसाठी वापरायची, ही येथील जुनी रीत. मोहाचे मद्य ऊर्ध्वपातनाने होते. त्यामुळे वाइनशी त्याची तुलना मर्यादित अर्थानेच करावी लागेल. पण आस्वादाची भाषा येथेही आहे. 'पहिल्या धारेची' हा वाक्प्रयोग भट्टीवरूनच मराठीत आला. 'उग्र', 'आंबूस', 'फुळकवणी' ही विशेषणेही आपल्याकडे आहेतच.

भाषा असूनही लिखित नोंद मात्र निराळीच होते. मोहाचे मद्य कागदावर येते ते बहुधा जप्तीच्या पंचनाम्यात : सडवा किती लिटर, मुद्देमाल किती रुपयांचा. एकाच प्रकारच्या वस्तूविषयीचे हे दोन लेखनप्रकार होत. एकात गंध आहे, दुसऱ्यात गुन्हा. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली घरगुती भट्टी आजही गुन्हाच आहे. २०२१ मध्ये राज्याने मोहफुलांच्या संकलन-वाहतुकीवरील निर्बंध शिथिल केले, ते फुलापुरते. त्याच वर्षी शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला 'वारसा मद्य' म्हणून मान्यता देण्याचे जाहीर केले.

येथे भाबडेपणा टाळणे आवश्यक आहे. लेबल ही केवळ प्रतिष्ठा नसते, ती जबाबदारीही असते. कोणी केले, केव्हा केले, मद्यार्काचे प्रमाण किती, हे त्यावरून कळते. ज्या बाटलीवर काहीच लिहिलेले नसते तिच्या दोषांचा जाबही विचारता येत नाही. 'पहिल्या धारेची' या शब्दात भर तीव्रतेवर आहे, निर्दोषतेवर नाही. गडचिरोलीत १९९३ मध्ये लोकचळवळीतून दारूबंदी आली, तीमागील स्त्रियांचा अनुभव कोणत्याही रसचर्चेने पुसला जाणार नाही.

समारोप

यावरून असे दिसते की, आस्वादाची नोंद ही रसिकतेइतकीच मान्यतेवर अवलंबून असते. कायद्याने ज्याला नाव दिले त्याचे वर्णन होते. ज्याला दिले नाही त्याचे केवळ मोजमाप होते. मोहाच्या मद्याला परवानगी द्यावी की नाही, हा प्रश्न धोरणकर्त्यांचा. मोहाचे फूल, त्याचा गंध, त्याचे खाद्यपदार्थ व त्यांविषयीचे गोंडी, पोवारी आणि झाडीबोलीतील शब्द नोंदवण्याला मात्र कोणत्याही परवान्याची गरज नाही. ते काम भाषा, वनस्पतिशास्त्र व समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करावयाचे आहे. वेचणारी पिढी आहे तोवरच ते होऊ शकेल. नंतर उरतील ते केवळ लिटर आणि रुपये.