डेकवरून दिसणारा इतिहास

मराठीत प्रवासवर्णनाला वाचकांची वाण कधी पडली नाही. कोणताही दिवाळी अंक उघडावा, एखादा तरी परदेश प्रवास त्यात असतोच. अलीकडे त्यात एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. भूमध्य समुद्रातील आलिशान जहाजाची सफर. कुणी हजारो उतारूंच्या क्रूझवर जातो, कुणी शंभरएक पाहुण्यांच्या यॉटवर. बंदरे साधारण तीच असतात. अथेन्सचे पिरियस, सँटोरिनी, क्रीट, ऱ्होड्स, माल्टा, सिसिली. आम्ही हे लेख आवडीने वाचतो. आवडीने वाचतो म्हणूनच त्यांच्याशी आमचे भांडण आहे, आणि ते येथे मांडायचे आहे.

आधी आम्ही कोठून बोलतो ते सांगणे बरे. आम्ही सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या वर्गातील बऱ्याच मुलांचे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर असतात, आया घरी विड्या वळतात नाहीतर टॉवेलच्या कडा शिवतात. घरात दखनी, वर्गात उर्दू, बाजारात मराठी आणि शेजारी तेलुगू अशी या मुलांची रोजची सफर असते. त्यामुळे उर्दू सफरनामे आणि मराठी प्रवासवर्णने शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची सवय आम्हाला आपोआप लागली. एकाच समुद्राकडे दोन भाषा कशा पाहतात, हे त्यातून दिसत गेले.

क्रूझवरच्या मराठी लेखाचा साचा आता ठरून गेला आहे. व्हिसाची धावपळ, केबिनची बाल्कनी, जेवणाचे अठ्ठावीस प्रकार, त्यात सापडलेली डाळ, कॅप्टनसोबत फोटो, सूर्यास्त. मग बंदर येते. जहाज सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते. त्या सात-आठ तासांत गाइड जे दाखवतो तेच लेखात उतरते. गाइड काय दाखवतो? ग्रीकांचे खांब, रोमनांची रंगभूमी, व्हेनिसवाल्यांचा तट. खांबांपासून तटापर्यंत मध्ये जी शतके गेली, त्यांच्यावरून बस पुढे निघून जाते. आम्ही वाचलेल्या लेखांत ही शतके जवळजवळ नाहीतच.

क्रीटचे उदाहरण घ्या. तेथील मुख्य शहर हेराक्लिऑन. जवळच नोसॉसचा चार हजार वर्षांपूर्वीचा राजवाडा असल्याने प्रत्येक सफर तेथे थांबते. हे शहर नवव्या शतकात अंदलुसमधून परागंदा झालेल्या अरबांनी वसवले. त्याच्याभोवती त्यांनी खोल खंदक खणला, आणि त्या खंदकावरूनच शहराला नाव पडले. ग्रीकांनी त्याचे 'खांदाक्स' केले, व्हेनिसच्या लोकांनी 'कांदिया'. पुढे कित्येक शतके सारे युरोप या बेटालाच कांदिया म्हणत होते. खंदक हा शब्द मराठी वाचकाला शिकवावा लागत नाही. आपल्या प्रत्येक भुईकोटाभोवती तो आहे, सोलापूरच्या किल्ल्याभोवतीही आहे. हा धागा हाती असताना आमचा लेखक तो उचलत नाही, कारण इंग्रजी बोलणाऱ्या गाइडला तो ठाऊक नाही आणि लेखकाने गाइडपलीकडे विचारलेले नाही.

माल्टाचेही तेच. व्हॅलेटा बंदरातून पर्यटकांना 'इमदीना' नावाच्या जुन्या गावात नेतात. मदीना म्हणजे शहर, हे कुणाही उर्दू वाचकाला कळेल. माल्टी भाषा अरबीच्या कुळातली आहे. तेथील कॅथॉलिक माणूस देवाला 'अल्ला' म्हणतो आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांना 'रंदान' म्हणतो. हा शब्द रमजानवरूनच आलेला. धर्म बदलला, शब्द राहिला. भाषेवर प्रेम करणाऱ्या लेखकाला याहून मोठी मेजवानी जहाजावरच्या टेबलावर मिळणार आहे काय?

आणि सिसिली. पालेर्मो येथे इ. स. ११५४ मध्ये अल-इद्रीसीने राजा दुसरा रॉजर याच्यासाठी जगाचा भूगोल लिहून पुरा केला. लिहिणारा मुसलमान, लिहवून घेणारा ख्रिस्ती, भाषा अरबी. त्या ग्रंथात आपल्या कोकण किनाऱ्यावरची ठाणे आणि सोपारा ही बंदरे आहेत. म्हणजे मराठी माणूस पालेर्मोच्या धक्क्यावर उतरतो तेव्हा तो अनोळखी गावात उतरत नाही. साडेआठशे वर्षांपूर्वी त्याच्या मुलखाची नोंद तेथे झालेली आहे. ही ओळख सांगणे हे प्रवासवर्णनाचे काम. ते न केल्याने आपण परक्याच्या घरात पाहुणे म्हणून वावरतो आणि तोंडात बोट घालून परत येतो.

मराठीत याहून वेगळे कुणी लिहिलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मीना प्रभू यांनी 'ग्रीकांजली' आणि 'तुर्कनामा' लिहून या समुद्राचे दोन्ही काठ मराठीत आणले. त्यांनी ग्रीसला एक पुस्तक दिले तसे तुर्कस्तानलाही दिले, हेच आम्हाला महत्त्वाचे वाटते. तुर्क म्हणजे फक्त स्वारी आणि तलवार असे समजणाऱ्या वाचकासमोर त्यांनी एक देश ठेवला. आमची तक्रार त्यांच्यानंतर फोफावलेल्या, सहल कंपनीच्या पत्रकाची भाषा बोलणाऱ्या लेखनाबद्दल आहे.

आता आपल्या घराकडे पाहू. मराठीला दोष देऊन उर्दूची पाठ थोपटायची असा आमचा हेतू नाही. उर्दूचा दोष उलट बाजूचा आहे. इक्बाल १९०८ साली युरोपहून परतत होते. वाटेत जहाजातून सिसिली दिसले आणि त्यांनी 'सिकिलिया' ही कविता लिहिली. पुढे ती 'बांग-ए-दरा' या संग्रहात आली. बगदादसाठी सादी रडले, दिल्लीसाठी दाग रडले, आता या बेटासाठी रडणे आपल्या नशिबी आले, असा तिचा भाव आहे. कविता म्हणून ती फार मोठी आहे, यात वाद नाही. पण तिच्यातला कवी बेटावर उतरत नाही. तोही डेकवरच उभा आहे. त्याला गेलेली सत्ता दिसते. त्या दिवशी मेसिनात जाळे ओढणारा कोळी दिसत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस, २८ डिसेंबर १९०८ रोजी, मेसिना भूकंपाने जमीनदोस्त झाले आणि हजारोंनी माणसे मेली. उर्दूत त्यानंतर सिसिलीवर जे रडणे झाले ते मात्र जुन्या सिसिलीचेच. 'आपण तेथे राज्य करत होतो' हे वाक्य वर्गात उच्चारताना आम्हाला नेहमी अडखळायला होते. समोर बसलेल्या मुलाचा आजा कुठे राज्य करत होता? तो माग चालवत होता.

आपल्या महाराष्ट्रातले एक पुस्तक याच रांगेत ठेवण्यासारखे आहे. जंजिऱ्याच्या बेगम नाझली रफिया यांनी १९०८ सालीच नवाब सिद्दी अहमद खान आणि बहीण अतिया फैजी यांच्यासह युरोपची सफर केली आणि उर्दूत 'सैर-ए-यूरोप' लिहिले. बेगमसाहेबांचा जन्म १८७४ चा, इस्तंबूलचा. वडील तेथे व्यापार करत. म्हणजे कोकणातल्या एका संस्थानाची राणी आगबोटीने आपल्या जन्मगावीही जाऊन आली. त्या काळात मुसलमान स्त्रीने परदेश पाहावा, त्यावर लिहावे आणि ते छापावे, हेच मोठे धाडस. पण साहित्य म्हणून पाहिले तर हे पुस्तक सरदार-दरबारी वर्तुळाबाहेर फारसे येत नाही. भेटीगाठी, मेजवान्या, प्रेक्षणीय स्थळे यांतच ते रमते. तरीही आजच्या क्रूझ लेखांपेक्षा त्यात एक गोष्ट अधिक आहे. लिहिणारीला ती कोण आहे हे पक्के ठाऊक आहे. शाळांच्या सहली मुरूडला जातात, किल्ल्याच्या तोफा मोजतात आणि परततात. या पुस्तकाचे नाव तेथे कुणी घेत नाही. मराठी वाचकांपर्यंत ते पोचायला हवे, गुणदोषांसकट.

मग या समुद्राचे खरे प्रवासवर्णन कोणते? आमच्या मते इब्न जुबैरचे. हा ग्रॅनाडाच्या सुभेदाराचा चिटणीस. ११८३ साली हजला निघाला, ११८५ साली परतला. गेला जिनोआवाल्या ख्रिश्चनांच्या जहाजातून, आला तो त्यांच्याच जहाजातून. धर्मयुद्धाचे दिवस होते, पण व्यापार थांबला नव्हता. त्याची नजर पाहा. अलेक्झांड्रियात उतरताच जकातवाल्यांनी हाजींची झडती कशी घेतली, सामान कसे उलटेपालटे केले, हे तो रागाने लिहितो. राज्य सलाहुद्दीनचे आहे म्हणून झाकून ठेवत नाही. पुढे शामच्या किनाऱ्याजवळ त्याला फ्रँकांच्या अंमलाखाली शेती करणारे मुसलमान भेटतात. त्यांचा सारा हलका आहे, घरेदारे शाबूत आहेत, आणि शेजारच्या मुसलमान जहागिरीतली रयत मात्र आपल्याच धन्याच्या नावाने बोटे मोडते. इब्न जुबैरला हे आवडत नाही. मनाला लागते. तरी तो लिहितो. स्वतःला न आवडणारे सत्य स्वतःच्या वहीत लिहिणे, ही आमच्या दृष्टीने प्रवासवर्णनाची पहिली कसोटी.

परतीच्या वाटेवर ११८४ च्या डिसेंबरात त्याचे जहाज मेसिनाजवळ फुटले. मदतीला आलेल्या नावाड्यांनी किनाऱ्यावर नेण्याचे अवाच्या सवा भाडे मागितले. गरीब मुसलमान उतारूंकडे ते नव्हते. ख्रिस्ती राजा दुसरा विल्यम त्या वेळी तेथे हजर होता. त्याने स्वतःच्या खजिन्यातून त्यांचे भाडे भरले. इब्न जुबैर ही गोष्ट जशी घडली तशी सांगतो. जहाजावर कोण कोण होते, कुणाकडे पैसे होते, कुणाकडे नव्हते, हे त्याला दिसते. ही दुसरी कसोटी.

ही कसोटी आजच्या समुद्रालाही लावता येते. ग्रीसमधले पिलॉस म्हणजे होमरच्या काव्यातल्या वृद्ध नेस्टरचे गाव, म्हणून सफरींच्या पत्रकात त्याचे नाव असते. १४ जून २०२३ च्या पहाटे त्याच पिलॉसपासून दूर समुद्रात लिबियाहून निघालेली एक मासेमारी बोट बुडाली. तिच्यावर सुमारे साडेसातशे माणसे होती. पाकिस्तानी, मिसरी, सीरियन, पॅलेस्टिनी. वाचली १०४. त्यांपैकी शंभरएक जणांना 'मायन क्वीन फोर' नावाच्या अब्जाधीशाच्या यॉटने कालामाता बंदरात आणले. आलिशान यॉटच्या पायऱ्यांवरून घोंगडी गुंडाळलेली माणसे उतरत होती. आठशे वर्षांनी मेसिनाचीच गोष्ट पुन्हा घडली. यॉटवरच्या लोकांनी माणुसकी दाखवली, तिची नोंद झालीच पाहिजे. पण एकाच पाण्यावर दोन प्रकारचे उतारू आहेत, हे आमच्या प्रवासवर्णनात कधी येणार? २०१४ पासून या समुद्रात तीस हजारांहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली आहेत. इतक्या माणसांवरून जाणाऱ्या जहाजावर बसून फक्त पाण्याचा निळा रंग वर्णन करणे ही नुसती शैलीची उणीव म्हणता येणार नाही.

कुणी म्हणेल, सुट्टीवर गेलेल्या माणसाने सुखाचे लिहू नये काय? जरूर लिहावे. सुखाचे वर्णनही खरे असले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे. डेकवरच्या आरामखुर्चीवर अंथरलेला टॉवेल घ्या. त्याला आपण टर्किश टॉवेल म्हणतो, कारण ही वीण तुर्कस्तानातल्या बुर्सा गावची. १८५० च्या सुमारास हेन्री ख्रिस्ती नावाच्या इंग्रजाने ती तेथे पाहिली, नमुना मँचेस्टरकडे नेला, तेथे यंत्रावर चढवली आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडली. दोन ताणे, एक ताठ, एक सैल. सैल ताण्याचे वेढे वर उभे राहतात आणि पाणी पितात. तीच वीण आज सोलापुरात विणली जाते. सोलापुरी चादरीप्रमाणे सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे आणि तो परदेशी जातो. अक्कलकोट रोडवरचा कामगार भूमध्य समुद्र कधी पाहणार नाही. पण त्या काठची कला रोज रात्रपाळीत त्याच्या हाताखालून जाते. १८ मे २०२५ च्या पहाटे याच एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागून आठ माणसे गेली. त्यांत कारखानदाराच्या घरची माणसे होती आणि कामगारही होते. टॉवेल मऊ आहे एवढेच लिहिणाऱ्याने त्याची अर्धीच गोष्ट सांगितली.

आमच्या वर्गातली मुले एक दिवस प्रवासवर्णने वाचतील. काही लिहितीलही. त्यांना मराठीने फक्त खांब आणि सूर्यास्त दिले आणि उर्दूने फक्त गेलेल्या राज्याचे रडणे दिले, तर या समुद्राशी आपले काही नाते आहे हे त्यांना कळणार नाही. ते नाते खंदक या शब्दात आहे, इद्रीसीच्या ठाण्यात आहे, टॉवेलच्या विणीत आहे. पुढच्या दिवाळीत क्रूझवर निघणाऱ्या लेखकाला आमची विनंती एवढीच आहे. गाइड निघून गेल्यावर बंदरावर तासभर थांबा. हमालाला, खलाशाला, केबिन झाडणाऱ्या पोराला त्याचे गाव विचारा. आणि मग लिहा.