कॅरीचे कागद, वैजनाथांचे शब्द

शुद्ध मराठी कुणाची, हा विषय आमच्या सदाशिव पेठेत काढू नये, अख्खी संध्याकाळ जाते. तरी सांगते. इंग्रजीतून मराठी शिकवणारं पहिलं छापील व्याकरण आलं १८०५ साली. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता आणि पुस्तक छापलं गेलं बंगालमधल्या श्रीरामपूरला. कर्ता विल्यम कॅरी : इंग्लंडमधला बाप्टिस्ट धर्मोपदेशक, आधीचा धंदा जोडे शिवण्याचा. हा माणूस महाराष्ट्रात कधी आलाच नाही. (ते ‘मराठीचं पहिलं व्याकरण’ असं सरसकट लिहिलं जातं, ते चूक. १७७८ साली रोममध्ये पोर्तुगीज भाषेतलं एक छापून झालं होतं.)

आता वनस्पतिशास्त्रात पीएचडी करणारी मुलगी यात कशी? तर कुंभ्यामुळे. सह्याद्रीत तुम्ही हे झाड पाहिलं असेल. उन्हाळ्याच्या तोंडाला फुलतं, पांढऱ्या-गुलाबी केसरांचा झुबका सकाळी झाडाखाली पडलेला असतो. शास्त्रीय नाव करेया आर्बोरिया. रॉक्सबर्गने ते कॅरीच्या नावावरून ठेवलं. नावामागचा माणूस कोण म्हणून मी त्याची चरित्रं वाचायला घेतली.

जॉर्ज स्मिथचं १८८५ चं चरित्र गाजलेलं. वाचायला छान आहे, पण त्यात कॅरी पहिल्या पानापासून थोरच आहे. त्याआधीचं, १८३६ चं पुतण्याने, युस्टेस कॅरीने लिहिलेलं पुस्तक मला जास्त आवडलं, कारण त्यात पत्रंच पत्रं आहेत. माणूस कंटाळतो, कुढतो, बियाणं मागवतो. इंग्लंडहून आलेल्या बियांच्या पिशवीतली उरलेली माती त्याने बागेत झटकली आणि तिकडची डेझी उगवली, तेव्हाचा त्याचा आनंद एखाद्या शाळकरी पोरासारखा आहे.

पण ही पत्रं कुणाला लिहिली होती? बरीचशी १७९२ साली स्थापन झालेल्या मिशनरी सोसायटीच्या मंडळींना. त्यांतला मजकूर तिकडे छापून वाटला जायचा आणि त्यावर वर्गणी गोळा व्हायची. म्हणजे हे कागद खरे आहेत, पण एका दिशेला तोंड करून बसलेले. १७९४ मध्ये मुलगा पीटर गेला आणि पत्नी डोरोथीचं मन कायमचं बिघडलं. तिच्याबद्दल आपल्याला कळतं ते नवरा आणि त्याचे सहकारी यांच्याच शब्दांत. शिवाय ११ मार्च १८१२ ला छापखान्याला आग लागली आणि कोशांची, भाषांतरांची हस्तलिखितं जळाली. उरलं त्यावरून आपण चरित्र रचतो.

माझा खरा आक्षेप मात्र चरित्रकारांवर नाही, कॅरीवर आहे. रॉक्सबर्ग १८१५ मध्ये वारला. त्याचा ‘फ्लोरा इंडिका’ कॅरीने संपादून १८२० आणि १८२४ मध्ये दोन खंड काढले. त्यात वॉलिचने घातलेली भर मूळ मजकुरापासून वेगळी ओळखता येते. १८३२ ची आवृत्ती काढताना ती भर गाळून रॉक्सबर्गचाच मजकूर छापला. कोण काय म्हणालं याची ही काळजी बघून आम्हा वर्गीकरणवाल्यांना भरून येतं.

आता १८१० चा मराठी कोश घ्या. छापखाना तोच, माणूस तोच. फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी मराठी शिकवायचा आणि तिथे मराठीचे पंडित होते वैजनाथ. ते नागपूरकडचे मानले जातात. मराठी मुलखात पाऊल न टाकलेल्या माणसाला बोलीतले बारकावे पुरवायला घरात मराठी बोलणारं कुणीतरी लागतंच. पण मुखपृष्ठावर नाव कॅरीचं. कुठला शब्द, कुठला अर्थ पंडितांनी दिला, हे पानावरून कळत नाही. वॉलिचला जी वेगळी जागा मिळाली, ती वैजनाथांना नाही.

‘तो काळच तसा होता’ हे उत्तर मला पुरत नाही. वेगळं दाखवायची पद्धत त्याला माहीत होती, झाडांच्या बाबतीत त्याने ती पाळली. आणि काळ तसा होता म्हणावं, तर आजही आम्हाला जंगलात झाडं दाखवणारे लोक शोधनिबंधाच्या शेवटी ‘आभार’मध्येच असतात, कधी नावाने, कधी ‘स्थानिक ग्रामस्थ’ म्हणून. कॅरीला ‘मराठी गद्याचा जनक’ म्हणणारे आणि ‘धर्म वाढवायला आलेला’ म्हणून निकालात काढणारे, दोघंही त्याच्याच कागदांवर भांडतात. तिसऱ्या माणसाकडे कुणी वळत नाही.

वळता येईल असं मला वाटतं. व्याकरण देवनागरीत छापलं होतं, पण कोशातले मराठी शब्द मोडीत आहेत. (हातच्या मोडीत ऱ्हस्व-दीर्घ सहसा पाळत नाहीत, हे पेठेत कुणाला सांगू नका.) पेठेतच भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मोडी वाचणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत. १८३१ चा मोल्सवर्थ मुंबईत तयार झाला आणि त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती आज इंटरनेटवर शोधता येते. कॅरीचे शब्द त्याच्याशी एकेक करून ताडायचे आणि उरतील त्यांतले नागपूर-वऱ्हाडकडचे किती ते मोजायचं. काम किचकट आहे, पण एमएच्या प्रबंधात मावेल. मला मोडी ‘क’च्या पुढे येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर कोशातलं एक अक्षर निवडून सुरुवात करा. तक्ता मी बनवून देते.