क्रोममधली काळी रेघ

सप्टेंबर २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डची नवी क्लासिक ३५० आली, ती एकाच वेळी दोन स्वभाव घेऊन: एक झळाळती ‘क्रोम रेड’, दुसरी इंजिनापर्यंत काळी ‘स्टेल्थ ब्लॅक’. परतवाड्यात जुनी बुलेट नव्याने उभी करणाऱ्यालाही हाच प्रश्न पडतो. हँडल, लिव्हर, स्विचच्या डब्या क्रोमच्या ठेवाव्यात, की काळ्या कराव्यात?

क्रोमला स्वतःचा रंग जवळजवळ नाहीच, किंचित निळसर झाक तेवढी. गोल नळीच्या वरच्या अंगाला आकाश उतरतं, खालच्या अंगाला रस्ता, आणि दोहोंच्या सांध्यावर एक गडद रेघ उमटते. आपण जिला चमक म्हणतो, ती या काळ्या रेघेमुळे दिसते. चिखलदऱ्याच्या घाटात सागाच्या सावलीतून जाताना हँडल हिरवं होतं. वर पावसाळी धुक्यात शिरलं की खाली-वर सगळं सारखंच पांढरं, रेघ पुसली जाते आणि तेच क्रोम विझून जातं.

म्हणून मला नळी क्रोमची आणि तिच्यावरचे लिव्हर, स्विच काळे, हीच जोडी सर्वांत देखणी वाटते. काळा लिव्हर नळीत उतरतो आणि तिची रेघ धारदार करतो. सगळंच क्रोम केलं तर आरसा आरशातच पाहत बसतो. सगळं काळं केलं तर दोन्ही हातांकडे वळत येणारी ती सुंदर रेषाच हरवते.

टिकाऊपणाचं म्हणाल, तर क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. पोलादाला जपतं ते त्याच्याखालचं निकेल. त्यात कंजुषी झाली की पावसाळ्यात तपकिरी ठिपके फुटतात. काळ्याचेही प्रकार आहेत. ॲनोडाइझ करून स्वस्तात रंगवलेला लिव्हर वऱ्हाडच्या उन्हात जांभळट पडतो. पावडर कोटिंग रंग धरून राहतं, पण गाडी पडली की टवका उडतो, आणि डिस्क ब्रेकचं तेल झिरपलं तर फुगून सुटतं.

भर दुपारी अमरावतीच्या वाटेवर डोळ्यांत तिरीप घुसते, ती मात्र सहसा नळीवरून येत नाही. गोल नळी ऊन विखरून टाकते. ब्रेकच्या तेलाच्या डबीचं सपाट झाकण क्रोमचं असेल, तर ते अख्खं ऊन चालवणाऱ्याच्या तोंडावर फेकतं. बाकी काही करा, एवढं झाकण काळंच ठेवा.