मिडवेची ‘पाच मिनिटे’ आणि यामामोतो यांची योजना

मिडवेच्या जून १९४२ मधील लढाईत जपानने आकागी, कागा, सोरियु आणि हिरियु या चार विमानवाहू नौका गमावल्या. या पराभवाची सर्वाधिक वाचली गेलेली मीमांसा मित्सुओ फुचिदा व मासाताके ओकुमिया यांच्या ग्रंथात आढळते. १९५५ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला आणि एक चित्र रूढ झाले : ४ जूनच्या सकाळी जपानी विमाने डेकवर उड्डाणास सज्ज उभी होती, आणखी पाच मिनिटे मिळाली असती तर निकाल वेगळा लागला असता. जोनाथन पार्शल व अँथनी टली यांनी ‘शॅटर्ड स्वोर्ड’ (२००५) या ग्रंथात हे चित्र पुराव्यानिशी खोडून काढले. संरक्षक लढाऊ विमानांची ये-जा सकाळभर त्याच डेकवर चालू होती. हल्ल्याची विमाने बहुतांशी खाली हँगरमध्येच होती. जपानच्या अधिकृत युद्धेतिहासाने १९७१ मध्येच फुचिदांच्या कथनाशी असहमती नोंदविली होती. इंग्रजी साधनांवर विसंबलेल्या बहुसंख्य वाचकांपर्यंत ती पोचण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागावा, ही बाब विद्याव्यवहाराच्या दृष्टीने चिंतनीय होय.

फुचिदांनीही योजनेवर टीका केली आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि वाचकांच्या स्मरणात राहिली ती पाच मिनिटेच, आणि पराभव हा दैवयोग ठरला. ‘शॅटर्ड स्वोर्ड’ हा प्रश्न पुन्हा योग्य पातळीवर आणतो. युद्धाचे उद्दिष्ट ठरविणारी रणनीती आणि प्रत्यक्ष झुंजीतील डावपेच यांच्यामध्ये मोहिमेच्या आखणीची पातळी असते : कोणते बळ, कोठे, कोणत्या क्रमाने आणि नेमके कशासाठी योजावयाचे. यामामोतो यांची चूक याच पातळीवरील आहे. बेट काबीज करणे आणि अमेरिकन आरमार नष्ट करणे ही दोन्ही कामे नागुमो यांच्यावर सोपविली गेली. राखून ठेवलेल्या विमानांवरील टॉर्पेडो उतरवून बॉम्ब चढविण्याचा आणि मग तो फिरविण्याचा त्यांचा निर्णय या दुहेरी जबाबदारीतून उद्भवला. स्वतः यामामोतो ‘यामातो’ या युद्धनौकेवर, शेकडो मैल मागे, बिनतारी मौन पाळून होते. सेनापती समुद्रात होता, पण आज्ञा देण्याच्या स्थितीत नव्हता. मे महिन्यातील सराव-खेळात जपानी नौकांवर नऊ बॉम्ब अचूक पडल्याचा निर्णय आला, तेव्हा उगाकी यांनी तो आकडा तीनवर आणला. योजना तपासण्याऐवजी तपासणीच योजनेला जुळवून घेतली गेली.

निमित्झ मात्र पर्ल हार्बर येथे किनाऱ्यावर राहिले. सांकेतिक संदेशांच्या उकलीतून मिळालेल्या माहितीच्या आधारे त्यांनी तीन विमानवाहू नौका मिडवेच्या ईशान्येस एकत्र केल्या आणि जोखीम तोलून लढण्याचा आदेश दिला.

येथे ग्रंथाची मर्यादाही जाणवते. जपानी साधनांवर भर असल्याने अमेरिकन आखणीची चिकित्सा तुलनेने त्रोटक राहते. ‘हॉर्नेट’ची बॉम्बफेकी विमाने त्या सकाळी शत्रूपर्यंत पोचलीच नाहीत, तिची पंधराही टॉर्पेडो विमाने नष्ट झाली. म्हणजे दैवयोग अमेरिकनांच्याही वाट्याला आलाच. फरक इतकाच, की एका नौकेचे अपयश सोसण्याइतके बळ त्यांच्यापाशी एकत्र होते. नागुमो यांच्यापाशी तसे नव्हते. जपानच्या रियुजो आणि जुनयो या दोन विमानवाहू नौका ३ व ४ जून रोजी दूर उत्तरेला, अल्यूशियन बेटांतील डच हार्बरवर हल्ले करीत होत्या.