धोक्याचा शिक्का आणि त्यामागचे गणित

प्रश्नमंजूषेत ‘जिराफ’ म्हटले की ‘असुरक्षित’, ‘ओकापी’ म्हटले की ‘संकटग्रस्त’, असे उत्तर देऊन गुण मिळवता येतात. शाळा उल्हासनगर कॅम्प १ मधली असो वा आणखी कुठली, ही पद्धत सर्रास आढळते. आमचा आक्षेप तिलाच आहे. तिच्यातून विद्यार्थ्याला शब्द मिळतो, त्यामागचे शास्त्र मिळत नाही.

हे शिक्के आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीतले. ते केवळ शिल्लक संख्येवरून ठरत नाहीत; घट किती वेगाने झाली हाही एक निकष असतो. तीन पिढ्यांत ३० टक्के घट म्हणजे असुरक्षित, ५० टक्के म्हणजे संकटग्रस्त. १९८५ साली दीड लाखाच्या वर असलेले जिराफ २०१५ पर्यंत लाखाच्या आत आले, म्हणून २०१६ साली ते असुरक्षित ठरले. कांगोच्या घनदाट अरण्यातला ओकापी नेमका मोजणे अवघड. पण २४ वर्षांत निम्म्याहून अधिक घट झाल्याच्या अंदाजावरून २०१३ साली तो संकटग्रस्त ठरला.

शिवाय एकाच शब्दाखाली सारे जिराफ झाकले जातात. नायजर देशात १९९६ च्या सुमारास अवघे ४९ जिराफ उरले होते. संरक्षणामुळे ते आता सहाशेच्या घरात आहेत. उलट मध्य आफ्रिकेतला कोर्डोफान जिराफ २०१८ साली अतिसंकटग्रस्त ठरला. २०२५ साली तर संघाने जिराफाच्या चार स्वतंत्र जाती मान्य केल्या.

आफ्रिका दूर वाटत असेल, तर आपला रानपिंगळा घ्या. १८८४ नंतर त्याची खात्रीलायक नोंद नव्हती. १९९७ साली तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि २०१४ साली तानसा अभयारण्यात आढळला. २०१८ साली तो ‘अतिसंकटग्रस्त’ऐवजी ‘संकटग्रस्त’ झाला. पक्षी वाढले म्हणून नव्हे, तर तो आधी ठाऊक नसलेल्या ठिकाणीही मिळाला म्हणून! जंगलतोडीचा धोका तसाच आहे. केवळ शिक्का पाठ करणारा विद्यार्थी मात्र ‘पक्षी सुधारला’ असेच समजेल. आणि हे तानसा कॅम्प १ पासून फार लांब नाही. शहाडहून कसारा गाडीने आटगावला उतरावे, तिथून ते जवळच आहे.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना अशी: तक्ता भिंतीवर राहू द्या, पण प्रत्येक शिक्क्यापुढे तीन रकाने आखा. कोणत्या वर्षी? कोणत्या प्रदेशात? कशावरून? ते विद्यार्थ्यांकडून भरून घ्या, आणि सुरुवात रानपिंगळ्यापासून करा.